हुजूरपागा : घोड्यांची जागा आणि मुलींची शाळा

शाळेचें एक नांव पाटीवर असतें आणि दुसरें लोकांच्या तोंडीं. पुण्याच्या ज्या शाळेची हकीकत येथें सांगावयाची आहे तिला सांगलीचे श्रीमंत चिंतामणराव पटवर्धन यांचें नांव आहे. पण पुणेकर तिला हुजूरपागाच म्हणतात. नंदुरबारकडील पुष्कळ वाचकांस हा शब्द अपरिचित असेल, म्हणून आधीं त्याचा अर्थ पाहूं.

पागा म्हणजे सरकारी घोड्यांचा तबेला, तसेंच त्या घोड्यांवर बसणारें पथकही. मराठ्यांच्या फौजेंत दोन प्रकारचे स्वार असत. शिलेदार आपलें घोडें व हत्यार घरून घेऊन येई. बारगीर सरकारच्या घोड्यावर बसे. खुद्द धन्याची, म्हणजे हुजुरांची, जी पागा ती हुजूरपागा. १७३० सालीं शनिवारवाड्याचा पाया घातला गेला आणि पेशव्यांचें पुणें त्याच्या भोंवतीं वाढलें. वाड्यापासून थोड्याच अंतरावर हीं घोडीं बांधलीं जात. १८१७ च्या नोव्हेंबरांत वाड्यावर इंग्रजांचें निशाण चढलें व पुढल्या वर्षीं पेशवाई संपली. घोडीं गेलीं, मोतद्दार गेले, दाणावैरण गेली; नांव मात्र जमिनीस चिकटून राहिलें.

मुलींची शाळा ही पुण्यास नवी गोष्ट नव्हती. १८४८ सालींच जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं बुधवार पेठेंत भिडे यांच्या वाड्यांत ती काढली होती. १८८२ मध्यें पंडिता रमाबाईंनीं हंटर कमिशनपुढें साक्ष देऊन स्त्रियांतूनच शिक्षिका व वैद्य तयार करा, असें सांगितलें. त्यानंतर मुलींकरितां इंग्रजी हायस्कूल काढण्यास माधवराव रानडे, वामन आबाजी मोडक व डॉ. भांडारकर पुढें झाले. सर विल्यम वेडरबर्न यांचें त्यांस साह्य होतें. १८८४ च्या सप्टेंबरांत शाळा सुरू झाली आणि पुढें ती पागेच्या जागेंत आली.

विरोध लहानसहान नव्हता, आणि विरोध करणारे कांहीं अडाणी नव्हते. टिळकांच्या 'मराठा' पत्रानें शाळेच्या अभ्यासक्रमावर व वेळेवर कडक टीका केली; मुली सारा दिवस शाळेंत गेल्या तर घरकाम शिकणार केव्हां, असा त्या टीकेचा रोख होता. पण बाहेरच्या टीकेपेक्षां माजघर अधिक कठीण असतें. रमाबाई रानडे यांनीं या शाळेच्या खटपटींत गव्हर्नरासमोर इंग्रजींत भाषण वाचलें. त्याबद्दल घरच्या वडील बायकांचे टोमणे त्यांस सोसावे लागले. आपल्या आठवणींच्या पुस्तकांत त्यांनीं तें कोणावरही राग न धरतां लिहिलें आहे. वर्तमानपत्रास उत्तर देतां येतें. सासूबाईंस देतां येत नसे.

शाळेस जोडून वसतिगृह झालें, यास मी वर्गांइतकेंच महत्त्व देतों. आपल्या भागांत मुलीस प्रथमच वसतिगृहांत ठेवून माघारीं वळणारे आईबाप ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांस याचें कारण सांगावयास नको. ब्रह्मदेशांत १९०५ सालीं जन्मलेल्या एका मुलीस सातव्या वर्षीं येथें आणून ठेविलें. रंगूनच्या बाजूनें पुण्यापर्यंत समुद्र ओलांडून एवढें लहान लेकरूं धाडणाऱ्या त्या घराचें धाडस केवढें! तीच पुढें मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे झाली. महाभारतावरील 'युगान्त' हें पुस्तक तिचेंच. कवयित्री शांता शेळके याही हुजूरपागेच्याच विद्यार्थिनी.

पागेभोंवतींचा तो जुना शांत भाग आतां ओळखूं येत नाहीं. लक्ष्मी रस्ता झाला, आणि त्यावर सोन्याचीं व कापडाचीं दुकानें दाटलीं. लग्नाचा बस्ता घेण्यास तिकडे जाणाऱ्या आपल्या मंडळींनीं वाट चुकल्यास हुजूरपागा विचारावी. चिंतामणरावांचें नांव सांगून पोहोंचणें बहुधा व्हावयाचें नाहीं.