शनवार तेल्यांचे सणवार

पणजीला चर्चसमोर जे उद्यान आहे, त्याला गार्सिया द ओर्ताचे नाव आहे. कचेरी सुटल्यावर मी अनेकदा तिथे टेकतो. ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य. इथल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. घराणे ज्यू, पण वरकरणी ख्रिस्ती. १५६८ साली तो वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला इन्क्विझिशनने जाळले आणि १५८० साली त्याची हाडेही उकरून जाळली. शनिवार पाळणे, डुकराचे मांस टाळणे, ठरावीक दिवशी उपास करणे, एवढाही तेव्हा गुन्ह्याचा पुरावा होता.

आता याच किनाऱ्याने उत्तरेला जाऊ या. अलिबागजवळ नवगावला गलबत फुटले, त्यातून वाचलेल्या सात जोडप्यांचे आपण वंशज, असे बेने इस्रायल समाज सांगतो. हे लोक तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत. म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. आपल्याकडे ज्या शनिवारापायी माणसे जाळली, तोच शनिवार तिथे नुसते जातीचे नाव झाला!

हिब्रू त्यांच्यात जवळजवळ विसरली गेली, ‘शेमा इस्रायल’ हे वचन तेवढे उरले. हनुक्का तर त्यांना ठाऊकच नव्हता. पण बरेच सण टिकले, आणि तेही अस्सल मराठी नावांनी. वर्षारंभाचा तो नव्याचा सण, मग खिरीचा सण. योम किप्पूर म्हणजे दारफाळणीचा सण. त्या दिवशी पांढरे कपडे घालून, उपास धरून, दार लावून घरात बसायचे. दुसऱ्या दिवशी शिळा सण. पुरीम हा त्यांचा होळीचा सण. वल्हांडणाला म्हणत अनाशी ढाकाचा सण, कारण आंबट कालवणाचे मडके तेवढे दिवस झाकून ठेवत. आंबवलेले खायचे नाही हा मूळ नियम विसरला, मडके झाकणे राहिले. जेरुसलेमचे मंदिर पडले त्या दिवसाचा उपास, तो बिरड्याचा रोजा. ही सारी शिकवण पोथीतली नव्हे, सैपाकघरातली.

पोथी नंतर आली. १७९६ साली सॅम्युअल दिवेकरांनी मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले. कोचीनच्या ज्यूंनी प्रार्थना शिकवल्या. मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रूचे व्याकरण काढले. हेतू धर्मांतराचा होता. पण धर्मांतर केले ते थोड्यांनीच. बाकीच्यांनी त्या शिक्षणाने आपलाच धर्म नव्याने वाचला. वल्हांडणाच्या रात्री वाचायची हग्गादा १८७४ साली पुण्यात मराठीसह छापली, तिच्यातल्या चित्रात लुगडे नेसलेल्या बायका बिनखमिराच्या भाकऱ्या करताना दिसतात. १८७५ साली हाईम सॅम्युअल केहिमकरांनी मुंबईत समाजाची शाळा काढली. पुढे अब्राहाम, मोशे यांच्या कथांवर मराठी कीर्तनेही होऊ लागली.

१९४८ नंतर बहुतेकजण इस्रायलला गेले. पण जाताना मराठी घेऊन गेले; तिथून ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक निघाले.

धर्म टिकतो तो ग्रंथामुळे, असे आपण सहज म्हणतो. या तेल्यांकडे ग्रंथ नव्हता. होते एक झाकलेले मडके, वाडगाभर बिरडे आणि उपासाला बसलेल्या घराचे बंद दार न ठोठावणारे शेजारी. कातारिनाला आपल्या गोव्यात नेमके हेच शेवटचे मिळाले नाही. उद्यानातून उठताना हेच मनात येत राहते.