ट्राबांटच्या टपावर

मोठ्या एसयूव्हीच्या टपावर घडीचा तंबू बांधून निघालेलं कुटुंब दिसलं, की पाहणाऱ्याचं पहिलं मत ठरलेलं असतं: हा हौशी, धाडसी आणि पैसेवाल्या लोकांचा प्रकार. जाहिरातींतही खडकाळ वाटा आणि डोंगरकडे दिसतात, त्यामुळे हे मत आणखी पक्कं होतं. या तंबूचा युरोपातला इतिहास मात्र वेगळंच सांगतो. तिथे तो छोट्या गाड्यांवर आणि मोजक्या पगाराच्या घरांत वाढला. प्रवासातलं सगळ्यात अवघड काम म्हणजे रात्रीची जागा मिळवणं, असं ज्यांच्या बाबतीत होतं, त्यांनी तो वापरला. साहसाच्या ओढीपेक्षा टंचाईनं या तंबूला जास्त घडवलं, असं माझं म्हणणं आहे. ही टंचाई दुहेरी होती. गाडीत जागा नव्हती आणि सुट्टीच्या गावी निवारा नव्हता. दोन्हींचा सर्वात ठसठशीत पुरावा पूर्व जर्मनीत मिळतो, पण त्याआधी थोडं इटलीकडे पाहायला हवं.

फियाटची ६०० ही गाडी १९५५ मध्ये आली आणि तिच्याहून लहान ५०० ही १९५७ मध्ये. या दुसरीचं इंजिन ४७९ सीसीचं होतं. स्कूटरवरून फिरणारं इटालियन कुटुंब या गाड्यांमुळे पहिल्यांदा चार चाकांवर आलं. मिलान ते नेपल्स हा महामार्ग १९५६ ते १९६४ या काळात बांधून होत होता, म्हणजे दूर जायची सोयही होत होती. पण नवराबायको आणि दोन मुलं आत बसल्यावर गाडी भरून जाई. तंबूचं कापड, खांब, अंथरुणं आणि भांडी ठेवायची कुठे? टप तेवढा रिकामा होता. १९५८ च्या सुमारास इटलीत टपावर उघडणारे तंबू विक्रीला आले, ते याच गाड्यांच्या काळात. त्या वेळच्या इटालियन घरांना वाळवंट ओलांडायचं नव्हतं, त्यांना समुद्रावर जायचं होतं.

पूर्व जर्मनीत ही गरज आणखी टोकाला गेली. १९५३ च्या फेब्रुवारीत सरकारनं ‘आक्सिओन रोझे’ नावाची मोहीम काढून बाल्टिक किनाऱ्यावरची शेकडो खासगी हॉटेलं आणि खाणावळीची घरं जप्त केली. पुढे किनाऱ्यावरच्या सुट्टीचा मोठा भाग कामगार संघटनांच्या महासंघाकडे गेला. त्याच्या विश्रामगृहांत राहणं अतिशय स्वस्त होतं, पण जागा मागणाऱ्यांच्या मानानं खोल्या थोड्या होत्या आणि त्या कारखान्यामार्फत वाटल्या जात. यंदा ज्याचा नंबर लागला, त्याचा पुढच्या वर्षी लागेल याची खात्री नव्हती. उरलेल्यांनी तंबूचा रस्ता धरला. तंबूलाही मोकळं रान नव्हतंच. किनाऱ्यावरच्या तळांसाठी आधी अर्ज करून परवाना मिळवावा लागे, आणि बाल्टिक ही देशाची सरहद्द असल्यामुळे रात्रीच्या वाळूवर पहारा असे. तरीही लाखो माणसं दर उन्हाळ्यात तंबूत राहिली. एखाद्या समाजात तंबू इतका सर्रास असतो तेव्हा त्याला छंद म्हणून बाजूला काढता येत नाही. तो राहण्याच्या व्यवस्थेचाच भाग असतो.

आता गाडीकडे पाहू. त्स्विकाऊच्या कारखान्यात १९६४ पासून बनणारी ट्राबांट ६०१ ही जेमतेम साडेतीन मीटर लांब, सुमारे ६१५ किलो वजनाची, २६ अश्वशक्तीच्या टू-स्ट्रोक इंजिनाची गाडी. नाव नोंदवल्यावर ती हातात यायला दहा वर्षांहून जास्त काळ लागे, म्हणून घरात ती जिवापाड जपली जाई. तिचा सांगाडा पोलादी होता. वरचे पत्रे मात्र पत्रे नव्हतेच. कापसाचा टाकाऊ अंश आणि राळ दाबून केलेल्या ड्युरोप्लास्टचे ते तक्ते होते. अशा छतावर दोन मोठी माणसं झोपवायची म्हणजे गाडीच्या वजनाचा जवळजवळ चौथा हिस्सा वर चढवायचा. हे जमतं, कारण भार छताच्या मधल्या तक्त्यावर न टाकता कॅरिअरमधून कडेच्या पन्हळीकडे आणि तिथून सांगाड्याकडे नेता येतो. दुसरं असं, की उभी गाडी जेवढं पेलते तेवढं धावती गाडी पेलू शकत नाही. धावताना वळणाचे आणि ब्रेकचे झटके असतात, पण तेव्हा वर फक्त मिटलेला तंबू असतो. सत्तरच्या दशकात लिंबाख-ओबरफ्रोना या सॅक्सनीतल्या गावी गेरहार्ड म्युलर यांनी ट्राबांटसाठी असा तंबू घडवला. त्याची जागाही मला बोलकी वाटते. हे गाव विणकामाच्या धंद्याचं, म्हणजे कापड आणि शिलाई ओळखणारं. १९७२ मध्ये उरलेसुरले खासगी उद्योग सरकारनं ताब्यात घेतले, पण मोजक्या माणसांच्या कारागिरी कार्यशाळा शिल्लक ठेवल्या. मोठ्या सरकारी कारखान्यांकडून जी गरज सुटत होती, ती अशा लहान कार्यशाळांनी उचलली.

यावर पहिला आक्षेप आफ्रिकेचा येतो. सिंह आणि तरस यांच्यापासून बचाव म्हणून माणूस टपावर झोपू लागला, हे स्पष्टीकरण सर्वत्र ऐकू येतं. उंचावर झोपण्यातली सुरक्षितता खरीच आहे. पिकाची राखण करायला माळा बांधणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला ती कुणी शिकवावी लागली नाही. दक्षिण आफ्रिकेच्या जंगलवाटांवर या तंबूची पुढे जी भरभराट झाली तिचं कारणही त्यातच आहे. पण बाल्टिकच्या वाळूवर किंवा इटलीच्या किनाऱ्यावर सिंह नव्हते. तिथल्या तंबूचं कारण तिथेच शोधलं पाहिजे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. पूर्व जर्मनीतली बहुतेक कुटुंबं साध्या जमिनीवरच्या तंबूत राहत, आणि ज्यांना चाकांवरची सोय हवी असे त्यांच्यासाठी ‘क्लॅपफिक्स’ हा मागे ओढायचा, उघडला की तंबू होणारा ट्रेलर होता. टपावरचे तंबू त्यांच्या मानानं फार थोडे. मग त्यांच्यावरून एवढा निष्कर्ष कसा काढायचा? त्याचं उत्तर असं, की जिथे कापड, पाइप आणि झिप यांचाही तुटवडा होता तिथे एखादी वस्तू किती विकली गेली यावरून तिची ओढ मोजता येत नाही. ती किती बनू शकली, एवढंच त्यावरून कळतं. शिवाय क्लॅपफिक्स माझ्या म्हणण्याच्या विरोधात जात नाही. २६ अश्वशक्तीच्या गाडीमागे निवारा बांधून नेण्याचा तो त्याच प्रश्नावरचा दुसरा तोडगा होता. टपावरच्या तंबूत एक मोठी अडचण होती: पाव आणायला गाडी काढायची तरी आधी सगळं घर मिटावं लागे. रात्री लहान मुलाला शिडीवरून उतरवणं हे तर वेगळंच. नुसत्या हौसेपोटी माणसं इतकं सोसत नाहीत.

तिसरा आक्षेप नैतिक आहे, आणि तो मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. त्या राजवटीत लोकांना भिंतीआड कोंडलं होतं. तिथल्या एका तंबूचं कौतुक करणं म्हणजे त्या कोंडीला गोड रूप देणं नाही का? तंबूनं स्वातंत्र्य दिलं असं मी म्हणत नाही. चेकोस्लोव्हाकिया आणि पोलंडमध्ये १९७२ पासून व्हिसाशिवाय जाता येई, पण पोलंडमधल्या कामगार आंदोलनानंतर १९८० मध्ये त्यातली पोलंडची वाट बंद झाली. हंगेरीला जायला परवानगीचा कागद लागे आणि तिथे बदलून मिळणारे पैसे मोजकेच असत. म्हणून बालाटोन तलावाकडे निघालेली कुटुंबं डबाबंद अन्न घरूनच नेत, आणि हॉटेलचा विचार करत नसत. याच बालाटोनच्या काठी भिंतीमुळे ताटातूट झालेले दोन्ही जर्मनींचे नातेवाईक भेटत. नेमून दिलेल्या चौकटीत आणखी चार दिवस राहता येणं, एवढंच तंबूनं दिलं. भावाला किंवा आईला वर्षातून एकदा भेटणाऱ्या माणसासाठी हे चार दिवस फार मोठे होते, आणि ते तसे मानण्यात राजवटीची बाजू घेतली जात नाही.

टंचाईनं हा तंबू घडवला या माझ्या म्हणण्याची कसोटी १९८९ पासूनच्या दोन वर्षांत लागली. १९८९ च्या उन्हाळ्यात हंगेरीनं ऑस्ट्रियाकडचं कुंपण काढायला घेतलं होतं. बालाटोनवर सुट्टीला आलेल्या अनेकांनी परत न जाण्याचं ठरवलं. १९ ऑगस्टला शोप्रोनजवळ सहाशेहून जास्त माणसं सीमा ओलांडून गेली, आणि ११ सप्टेंबरपासून वाट सर्वांसाठी उघडली. कित्येकांनी वर्षानुवर्षं वाट पाहून मिळवलेली ट्राबांट तशीच रस्त्याकडेला सोडली. १ जुलै १९९० ला पश्चिमेचं चलन आलं आणि त्याबरोबर पश्चिमेच्या जुन्या, मोठ्या गाड्याही. साहस हेच या तंबूचं मूळ असतं तर सगळा युरोप मोकळा झाल्यावर ट्राबांटच्या टपाला कधी नव्हे एवढी मागणी यायला हवी होती. झालं उलटं. गिऱ्हाइकांनी गाडीकडे पाठ फिरवली, आणि ३० एप्रिल १९९१ ला त्स्विकाऊमधून शेवटची ट्राबांट बाहेर पडली.