कृतज्ञतेचा हिशेब

अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ साली संपले आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये एक आगळी हस्ताक्षरस्पर्धा जाहीर झाली. युद्धात उजवा हात गमावलेल्या उत्तरेकडील सैनिकांनी डाव्या हाताने लिहिलेली पाने तिच्यासाठी मागविण्यात आली होती. ‘द सोल्जर्स फ्रेंड’ या पत्राचे संपादक विल्यम ओलंड बोर्न यांची ही कल्पना. बक्षिसे होती, प्रदर्शनेही भरली. परंतु हेतू केवळ कौतुकाचा नव्हता. टंकलेखनयंत्र अद्याप कचेऱ्यांत यायचे होते. कारकुनी म्हणजे मुख्यतः अक्षर. ज्याचा लिहिता हात गेला त्याची कारकुनीही गेली. डाव्या हाताला वळण लागले तर कचेरीचे दार पुन्हा उघडेल, ही त्या पानांमागची आशा होती. ती पाने आज लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जतन केलेली आहेत. साहित्याच्या अभ्यासकाला ती आत्मकथनाचे तुकडे वाटतील. आम्हांस त्यांत नोकरीचे अर्जही दिसतात. अर्ज म्हटला की तो वाचणार कोण, आणि वाचणाऱ्याने तो बाजूला सारला तर त्याला जाब विचारणार कोण, असे दोन प्रश्न येतात. अपंग माजी सैनिकांना अमेरिकेच्या सरकारी सेवेत घेण्याचा इतिहास हा बराचसा या दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास आहे, असे आमचे म्हणणे आहे.

युद्ध संपण्याच्या सुमारे महिनाभर आधी, ३ मार्च १८६५ रोजी, काँग्रेसने म्हणजे तेथील संसदेने एक ठराव संमत केला होता. जखमेमुळे वा आजारामुळे सन्मानाने निवृत्त झालेल्या सैनिकांना मुलकी पदांवरील नेमणुकीत अग्रक्रम द्यावा, असे त्याच्या पहिल्या भागात म्हटले होते. दुसऱ्या भागात व्यापारी, पेढीवाले, कारखानदार व शेतकरी यांनाही तशीच शिफारस होती. अग्रक्रमाला अट एकच, की त्या पदासाठी लागणारी कुवत उमेदवारापाशी असावी. ही कुवत ठरवायची कोणी, याविषयी मात्र ठराव मुका होता. साहजिकच ती खातेप्रमुखाने ठरविली.

त्या काळी खातेप्रमुखाची मर्जी म्हणजे काय चीज होती, हे साहित्याच्या वाचकांना एका ओळखीच्या उदाहरणावरून कळेल. युद्धकाळात वॉशिंग्टनच्या रुग्णालयांत जखमी सैनिकांच्या उशाशी बसून त्यांची पत्रे लिहून देणारा कवी वॉल्ट व्हिटमन स्वतः अंतर्गत व्यवहार खात्यात कारकून होता. जून १८६५ मध्ये नवे मंत्री जेम्स हार्लन यांनी त्याला काढून टाकले. मित्रांनी शब्द टाकला आणि त्याला लगेच अ‍ॅटर्नी जनरलच्या कचेरीत दुसरी जागा मिळाली. नोकरी गेली ती मर्जीने, मिळाली तीही ओळखीने. ज्याच्यासाठी शब्द टाकणारे कोणी नव्हते त्या लंगड्या शिपायाला ठरावातील अग्रक्रमाचा उपयोग किती झाला असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

१८८३ च्या पेंडल्टन कायद्याने परीक्षा आणल्या आणि नागरी सेवा आयोग नेमला. जुना अग्रक्रम या कायद्याने कायम ठेवला. खात्याबाहेरची एक संस्था नेमणुकांकडे पाहू लागली. पुढे पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ साली, अग्रक्रमाची कक्षा रुंदावून तो सन्मानाने निवृत्त झालेल्या सर्व सैनिकांना देण्यात आला. लाभ पुष्कळांचा झाला, पण ज्यांच्यासाठी मूळ तरतूद होती ते जायबंदी सैनिक त्या गर्दीत मिसळून गेले. १९२३ मध्ये अध्यक्षांच्या आदेशाने गुणांची पद्धत आली. अपंग माजी सैनिकाला परीक्षेत १० जादा गुण, इतर माजी सैनिकाला ५. यादीच्या शिरोभागी नाव लागण्याचा हक्क मात्र गेला. अपंगांना तो १९२९ मध्ये पुन्हा मिळाला. सहा वर्षांत सरकी-ढकली दोनदा झाली, यावरून त्या कृतज्ञतेचा पाया किती डळमळीत होता ते ध्यानात येते.

तो पाया घालण्याचे काम १९४४ च्या कायद्याने केले. २७ जून रोजी रूझवेल्ट यांनी त्यावर सही केली. आदेशाने दिलेले आदेशाने काढून घेता येत असे, ते आता कायद्याच्या कलमांत बसले. या कायद्यातील एक तरतूद आम्हांस विशेष मोलाची वाटते. यादीत वर असलेल्या माजी सैनिकाला ओलांडून खालच्या उमेदवाराला घ्यायचे असेल, तर अधिकाऱ्याने त्याचे कारण लेखी द्यावे आणि ते आयोगाने तपासावे. जे मनातल्या मनात ठरविता येते ते कागदावर उतरविताना माणूस अडखळतो. ‘हा गृहस्थ आपल्याला झेपणार नाही’ हे मनात म्हणणे सोपे आहे. ते वाक्य सहीनिशी लिहून दुसऱ्याच्या हाती देणे कठीण आहे. देखरेखीचे खरे बळ त्या अडखळण्यात होते.

पण याच कायद्यात माजी सैनिकांसाठी राखून ठेवलेल्या जागा कोणत्या, तर पहारेकरी, लिफ्ट चालविणारे, निरोपे आणि इमारतीची निगा राखणारे. ही कामे हलकी आहेत असे आम्ही म्हणत नाही. एवढेच नोंदवितो की, कृतज्ञ राष्ट्राने खास म्हणून जी दारे उघडली त्यांतील एक तर दुसऱ्यांसाठी दार उघडण्याचेच काम होते.

याच सुमारास चित्रपटाने हा विषय घरोघरी नेला. मॅकिन्ली कँटर यांच्या १९४५ मधील पद्यकादंबरीवरून विल्यम वायलर यांनी १९४६ साली ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज’ काढला. कादंबरीतील होमर हा मेंदूच्या इजेने हातापायांवरचा ताबा गमावलेला तरुण. पडद्यावर तो दोन्ही हात गेलेला झाला, कारण वायलर यांना हॅरल्ड रसेल भेटले. सैन्यात प्रशिक्षण देत असताना १९४४ साली स्फोटात रसेल यांचे दोन्ही हात गेले होते. या एका भूमिकेसाठी त्यांना दोन ऑस्कर मिळाले. त्याहून मोठी गोष्ट पुढची आहे. १९६४ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी त्यांना अपंगांच्या रोजगारविषयक अध्यक्षीय समितीचे प्रमुख नेमले आणि १९८९ पर्यंत ते त्या पदावर राहिले. समितीचे काम लोकमत घडविण्याचे व मालकांचे मन वळविण्याचे. सक्तीचा अधिकार तिच्यापाशी नव्हता. सहानुभूती अफाट, पण ती देणाऱ्याच्या खुशीवर अवलंबून.

सक्तीच्या दिशेने पाऊल पडले ते व्हिएतनाम युद्धानंतर. १९७३ च्या पुनर्वसन कायद्याने प्रत्येक संघीय खात्याला अपंगांच्या भरतीचा व बढतीचा आराखडा करावयास लावले. १९७४ च्या कायद्याने त्यात अपंग माजी सैनिकांसाठी स्वतंत्र भाग घातला. जबाबदार अधिकारी कोण, सध्याची स्थिती काय, उमेदवार शोधणार कसे, नेमलेल्यांना पुढे जाण्याची संधी कोणती आणि गावोगावच्या शाखांवर नजर ठेवणार कशी, हे सारे खात्याने लिहावयाचे. दरवर्षी काय साधले त्याचा अहवाल द्यावयाचा. आयोगाने तो तपासून काँग्रेसला कळवावयाचे. १९७८ मध्ये आयोग मोडीत निघाला तेव्हा हे काम कार्मिक व्यवस्थापन कार्यालयाकडे आले. ३० टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या सैनिकाला डावलताना त्याला तसे कळवून उत्तराची संधी द्यावी, हा नियमही त्याच वर्षीचा.

रचना म्हणून यात उणे काढावे असे थोडे आहे. दोष शिरतो तो लेखनप्रकारात. आराखडा ज्या खात्याने करावयाचा, अहवालही त्याच खात्याने लिहावयाचा. अशा लेखनाची एक ठरावीक भाषा हळूहळू तयार होते: प्रयत्न सुरू आहेत, संपर्क वाढविला आहे, मेळाव्यांत भाग घेतला आहे. त्या भाषेत क्रियापदे भरपूर असतात, कर्ता मात्र सापडत नाही. देखरेख करणाराही मग माणूस कामावर लागला का हे विचारण्याऐवजी अहवाल वेळेवर आला का, हे पाहू लागतो.

मोजदादीचीही अशीच गोष्ट आहे. अपंगत्वाची नोंद बहुतांशी कर्मचाऱ्याने स्वखुशीने भरलेल्या पत्रकावर अवलंबून असते. तुटलेला हात दिसतो. युद्धाने मनावर केलेला घाव दिसत नाही आणि तो सांगितल्यास बढती अडेल, अशी भीती असते. न सांगणारा आकड्यांत येत नाही. नुसती डोकी मोजली तर तळाच्या श्रेणीतच सारे अडकले आहेत, हेही लपते. २०१७ साली समान रोजगार संधी आयोगाने अपंगांच्या प्रमाणाचे १२ टक्क्यांचे उद्दिष्ट ठरविले, ते वरच्या व खालच्या श्रेणींना वेगवेगळे लागू केले. निरोप्यांच्या जागांच्या त्या जुन्या तरतुदीला मिळालेले हे उत्तरच म्हणावे लागेल. त्याला सात दशके लागली.

उरला दाद मागण्याचा मार्ग. १९९८ च्या कायद्याने अग्रक्रम डावलला गेलेल्या सैनिकाला प्रथम कामगार खात्याकडे आणि मग मेरिट सिस्टिम्स प्रोटेक्शन बोर्डाकडे जाण्याचा हक्क दिला. परंतु जानेवारी २०१७ पासून मार्च २०२२ पर्यंत या मंडळात निर्णयास लागणारी सदस्यसंख्याच नव्हती. सर्व प्रकारची मिळून साडेतीन हजारांहून अधिक प्रकरणे तुंबली. हक्क शाबूत होता, कचेरी उघडी होती. खुर्च्या रिकाम्या होत्या. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये परिवीक्षेवरील कर्मचाऱ्यांना मोठ्या संख्येने काढण्यात आले, त्यांत माजी सैनिकही होते. कर्मचारीकपातीत माजी सैनिकाला राखण्याचा नियम १९४४ च्या कायद्यातही होता. परिवीक्षेतील बडतर्फी त्या नियमाच्या वाटेने गेलीच नाही. येणाऱ्यांची नोंद ठेवणारे अहवाल जाणाऱ्यांच्या दाराशी उभे नसतात.

या इतिहासातून कायदे निरुपयोगी आहेत, असा निष्कर्ष आम्ही काढीत नाही. बोर्न यांच्या स्पर्धेत ज्याला बक्षीस मिळाले नाही, त्याच्यापाशी दाद मागण्यासारखे काहीच नव्हते. १९४४ नंतरच्या सैनिकापाशी निदान एक लेखी कारण होते. तेवढ्या फरकासाठी ऐंशी वर्षे खर्ची पडली, आणि तो फरक मोठा आहे. पण साहित्याच्या अध्यापकांना व विद्यार्थ्यांना जे ठाऊक असते ते येथेही खरे आहे. लिहिलेले पुरे होते ते वाचले गेल्यावर. देखरेख म्हणजे अखेर एक प्रकारचे वाचन आहे: ओळींमधले, गाळलेल्या जागांचे, आणि वाचून झाल्यावर लिहिणाऱ्याला उलट प्रश्न विचारणारे. कृतज्ञतेचे अहवाल अमेरिकेने अर्धशतक नेमाने लिहून घेतले. त्यांना असा वाचक नेमून देण्याचे काम तिने दर पिढीत अर्धवट सोडले.