चावी काढलेली गाडी का पेटली?

आमच्या गल्लीत रात्री पिकअप ओळीने उभ्या असतात. चावी काढली की मालक निर्धास्त. अमेरिकेतले फोर्डवालेही असेच झोपायचे, आणि बंद गाडी पेटायची. कधी घरासकट.

दोष एका छोट्या स्विचचा. ब्रेक दाबला की क्रूझ कंट्रोल बंद करायचा, एवढंच त्याचं काम. पण चावी काढली तरी त्यात करंट असायचा. आतला पातळ पडदा फाटला की ब्रेक ऑइल विजेच्या बाजूला झिरपायचं. मग गंज, शॉर्ट, आग. इलाज काय, तर फ्यूज असलेली वायर!

१९९९ मध्ये काही मोटारी परत बोलावल्या, म्हणजे रोग तेव्हाच कळला होता. एफ-१५० पिकअपवाल्यांची पाळी आली २००५ ला. त्या सप्टेंबरात एका दमात ३८ लाख पिकअप आणि एसयूव्ही. २००९ पर्यंत एकूण आकडा १ कोटी ४० लाखांवर. हप्त्याहप्त्याने, दहा वर्षं!

आपल्याकडे अशी सक्ती कायद्यात आली २०१९ च्या दुरुस्तीने, कलम ११०-ए. तोवर कंपनीची मर्जी. परवा शेजारच्या टेम्पोवाल्याला विचारलं, चेसिस नंबर कंपनीच्या साइटवर टाकून पाहिलास का? म्हणाला, "दादा, असं पण असतं होय?"