‘स्नायू’, ‘मज्जा’ आणि ‘भूल’ : भूलशास्त्रातील शारीर परिभाषेचा इतिहास

शस्त्रक्रियेपूर्वी रोग्यास भूल द्यावयाची, तर श्वासमार्ग, शिरा, स्नायू, चेतातंतू व पाठीचा कणा यांची रचना भूलतज्ज्ञास नेमकी ठाऊक असावी लागते. ही रचना सर्वत्र सारखीच. नावे मात्र प्रांतोप्रांती निराळी. भारतीय भाषांनी ती बहुतांशी एकाच संस्कृत भांडारातून घेतली, आणि अर्थाचा घोटाळा झाला आहे तो त्यामुळेच.

भंडाऱ्याहून पूर्वेकडे जाणारा जुना राष्ट्रीय महामार्ग कारधा येथे वैनगंगा ओलांडून रायपूरकडे व पुढे कोलकात्याकडे जातो. कारध्याच्या मराठीत ‘स्नायू’ म्हणजे आकुंचन पावून अवयव हलविणारे मांस. रायपूरच्या हिंदीत त्यास ‘मांसपेशी’ म्हणतात. कोलकात्यास पोहोचेपर्यंत ‘स्नायु’ हा संवेदना वाहणारा तंतू झालेला असतो. उलट मराठीतील ‘पेशी’, म्हणजे शरीराचा सूक्ष्म घटक, हिंदीत ‘कोशिका’ व बंगालीत ‘कोष’ आहे. बंगाली ‘पेशी’ म्हणजे मराठी स्नायू.

मूळ अर्थ सुश्रुतसंहितेत सापडतो. तिच्या शारीरस्थानात ३०० अस्थी, ५०० पेशी, ७०० सिरा व ९०० स्नायू सांगितले आहेत. तेथे पेशी म्हणजे मांसाचे पुंजके. स्नायू म्हणजे सांधे जखडून धरणारे बंध. फळ्या दोरांनी आवळून बांधल्या म्हणजे नाव जसा पाण्यावर भार वाहते, तसे स्नायूंनी बांधलेले शरीर भार सोसते, असा दृष्टांत तेथे आहे. अर्थात मराठी व बंगाली या दोन्ही भाषांनी ‘स्नायू’ मूळ जागेवरून हलविला, तोही भिन्न दिशांस.

एकोणिसाव्या शतकात पाश्चात्त्य शारीर येथे आले. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले; १८४६ मध्ये बोस्टन येथे ईथरचा जाहीर प्रयोग झाला व पुढील वर्षी एडिंबरोस सिम्प्सनने क्लोरोफॉर्म वापरला. नव्या ज्ञानास देशी शब्द हवे होते. जुने शब्द हाताशी होते. परंतु त्यांचे नवे अर्थ सर्व प्रांतांनी मिळून ठरविले नाहीत.

याचे व्यावहारिक गांभीर्य १९४२ नंतर वाढले. त्या वर्षी माँट्रियल येथे ग्रिफिथ यांनी भूल देताना क्युरारे वापरले. हे द्रव्य स्नायू शिथिल करते, पण जाणीव किंवा वेदना घालवीत नाही. श्वसनाचे स्नायूही थांबत असल्याने श्वास कृत्रिमरीत्या चालवावा लागतो. ‘स्नायुशिथिलक’ हा मराठी शब्द ‘स्नायु’चा बंगाली अर्थ मनात धरून वाचला, तर वेदनावाहक तंतूच बधिर होतो असा नेमका उलटा समज होईल.

‘मज्जा’ शब्दाची गत अशीच. आयुर्वेदाच्या सप्तधातूंत मज्जा म्हणजे हाडांच्या पोकळीतील द्रव्य. मराठीत ‘अस्थिमज्जा’ त्या अर्थी टिकली, पण ‘मज्जातंतू’ व ‘मज्जारज्जू’ यांत तोच शब्द चेतासंस्थेसाठी आला. १८९८ मध्ये बीअर यांनी पाठीच्या कण्यातून भूल दिली, त्या पद्धतीत हा भेद महत्त्वाचा ठरतो. प्रौढ व्यक्तीत मज्जारज्जू सामान्यतः कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई त्याखाली, बहुधा तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांमधून, रज्जूभोवतीच्या आवरणाच्या खाली उतरलेल्या द्रवात जाते. ‘कण्यात सुई’ एवढेच ऐकणाऱ्या रोग्यास हाड, मज्जा व रज्जू वेगळे कळत नाहीत. त्याच्या भीतीचा काही भाग तरी परिभाषेने निर्माण केलेला आहे.

याउलट ‘भूल’ हा शब्द कोणत्याही समितीने घडविला नाही. १९५६ पर्यंत भंडारा जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता, त्याची राजधानी नागपूर, तेथेच डॉ. रघुवीर यांनी संस्कृत धातूंवरून विपुल परिभाषा रचली. तरीही ‘संवेदनाहरण’ ग्रंथांत राहिले आणि ‘भूल’ बोलण्यात रुजली. भुलणे म्हणजे भान हरपणे, वाट चुकणे. हा अर्थ लोकांच्या अनुभवातला होता. हिंदी भाषिकास ‘भूलतज्ज्ञ’ हा चुका करण्यात तरबेज वाटेल, हे खरे. पण मराठी रोग्यास त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

यावरून परिभाषाकारांस दुहेरी बोध मिळतो. लोकांनी स्वीकारलेली ‘भूल’ बदलण्याचे कारण नाही. जेथे एक शब्द दोन अवयवांवर पडतो, तेथे मात्र ‘मज्जातंतू’ऐवजी ‘चेतातंतू’ आणि ‘मज्जारज्जू’ऐवजी ‘मेरुरज्जू’ वापरणे इष्ट. आणि रोग्याच्या संमतिपत्रात तर ते अगत्याचेच होय.