सेकंड हँड लेगो घेताय? आधी पकड तपासा, मग धुवा



मागच्या वर्षी भाच्याच्या वाढदिवसासाठी मी एका अ‍ॅपवरून पिशवीभर जुने लेगो ब्रिक्स घेतले. खूप मळलेले होते, म्हणून जंतू मरावेत या हिशोबाने थेट उकळतं पाणी ओतलं. ब्रिक्स चकाचक झाले, पण बरेचसे एकमेकांवर बसेनात. भाच्याने भिंत उचलली की ती सुटून खाली! अठराशे रुपये पाण्यात गेले. तेव्हा कळलं, ब्रिकची खरी किंमत चकाकीत नसते, पकडीत असते.

पकड येते कुठून?

आजच्या ब्रिकची रचना १९५८ ची आहे. वरचे गोल उंचवटे म्हणजे स्टड. ते वरच्या ब्रिकच्या आतल्या नळ्या आणि भिंतींमध्ये घट्ट अडकतात. स्टडचा व्यास साधारण ४.८ मिमी असतो. इथे केसाएवढा फरक पडला तरी ब्रिक सैल होतो. १९६३ पासून हे ब्रिक्स एबीएस प्लास्टिकचे बनू लागले. ते टणक असतं, पण उकळत्या पाण्याच्या आसपासच्या तापमानाला मऊ पडायला लागतं. माझी चूक नेमकी तीच होती.

घेण्याआधी फोटोत काय बघायचं?

- विक्रेत्याकडून दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर ठेवून काढलेला फोटो मागा. पिवळ्या बल्बखाली पिवळा पडलेला ब्रिक ओळखूच येत नाही.
- फोटो झूम करा. अस्सल ब्रिकच्या स्टडवर बारीक अक्षरांत 'लेगो' हे नाव उठवलेलं असतं.
- ब्रिक्स उलटे ठेवून एक फोटो मागा. चिरा आणि दातांच्या खुणा बहुतेक खालच्या कडांना दिसतात.

हातात आल्यावर

चांगल्या स्थितीतल्या ब्रिकवर जुना ब्रिक बसवा, उलटा करा आणि हलकेच झटका द्या. सुटून पडला तर तो बाजूला काढा. मग फोनचा टॉर्च तिरका धरा, ओरखडे आणि चिरा लगेच दिसतील. एका-दोन स्टडचे छोटे तुकडे नीट बघा, कारण त्यांच्या पातळ भिंती आधी तडकतात. तपकिरी आणि गडद लाल रंगाचे काही जुने तुकडे ठिसूळ झालेले असतात. ते जोर लावून काढू नका.

धुवायचं कसं?

१. स्टिकर लावलेले, धातूचे आणि मोटर किंवा बॅटरीचे भाग वेगळे काढा. ते फक्त ओलसर कापडाने पुसा.
२. कोमट पाण्यात, म्हणजे ४० अंशांपेक्षा जास्त नाही, भांड्यांच्या लिक्विड सोपचे थोडे थेंब टाका आणि ब्रिक्स २० मिनिटं भिजवा.
३. जुन्या मऊ टूथब्रशने आतून घासा आणि दोनदा स्वच्छ पाण्याने धुवा.
४. टॉवेलवर पसरून पंख्याखाली वाळवा. नळ्यांमध्ये पाणी अडकतं, म्हणून मधे एकदा हलवा.

वॉशिंग मशीन, हेअर ड्रायर आणि कडक ऊन टाळा. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर तर चुकूनही नको. अ‍ॅसिटोनमध्ये एबीएस विरघळतं. पारदर्शक तुकडे वेगळे धुवा, त्यांच्यावर ओरखडे लगेच उठून दिसतात.

पिवळेपणा जातो का?

हा मळ नाही, त्यामुळे साबणाने जात नाही. ऊन आणि हवेमुळे प्लास्टिकमध्येच बदल झालेला असतो. काही जण ब्रिक्स मेडिकलमधल्या ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवून काही तास उन्हात ठेवतात. रंग उजळतो, पण पुन्हा पिवळा पडू शकतो आणि ब्रिक ठिसूळ व्हायचीही भीती असते. करायचंच असेल तर हातमोजे घाला आणि आधी एकाच ब्रिकवर करून बघा.

मग घ्यायचं काय?

पिवळा पण घट्ट ब्रिक स्वस्तात मिळाला तर बिनधास्त घ्या, भिंतीच्या आतल्या बाजूला वापरता येतो. चकाचक पण सैल ब्रिक फुकट मिळाला तरी नको. आणि घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर हे छोटे तुकडे त्याच्या हाताला लागणार नाहीत असेच ठेवा.

भाच्यासाठी मी नंतर दुसरी पिशवी घेतली. रंग थोडे उडालेले आहेत, पण त्याची भिंत आता उचलली तरी सुटत नाही.