मेंढ्यांचा राजरस्ता

इटलीची सहल म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे रोमचे भग्न रंगमंडल, व्हेनिसच्या होड्या आणि पिसाचा कललेला मनोरा उभा राहतो. अलीकडे मात्र त्या देशात निराळ्या तऱ्हेच्या सहली निघू लागल्या आहेत. बरोबर एक माहीतगार वाटाड्या घ्यायचा, दिवसाकाठी पाचसहा तास डोंगरातून चालायचे, आणि संध्याकाळी ज्या गावी मुक्काम पडेल त्या गावचे म्हणून जे अन्न असेल ते जेवायचे. या हौशी मंडळींच्या पायांखाली येणाऱ्या वाटांपैकी काहींना तिकडे 'त्रात्तुरो' असे नाव आहे. हे नाव ऐकून पुष्कळांना ती एखादी पाऊलवाट वाटेल. प्रत्यक्षात या वाटेची ठरलेली रुंदी साठ नेपल्सी पावले, म्हणजे सुमारे १११ मीटर! आपल्याकडचा हमरस्ताही तिच्यापुढे बोळ ठरावा. आणि एवढा प्रशस्त रस्ता बांधला कोणासाठी? बांधला कोणीच नाही. तो गवताचाच आहे. आणि तो राखला गेला मेंढ्यांसाठी.

कारण अगदी साधे आहे. आब्रुत्सोचे डोंगर हिवाळ्यात बर्फाखाली जातात, आणि दक्षिणेकडचे पुल्याचे सपाट मैदान उन्हाळ्यात करपून जाते. तेव्हा मेंढरांनी उन्हाळा डोंगरात काढावा आणि हिवाळा मैदानात, हे ओघानेच आले. आपले धनगर पाऊस सरला की सातारा-सांगलीकडची माळराने सोडून कोकणात उतरतात, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच की आपल्या धनगराने वाट स्वतः शोधली आणि तिकडे राजाने ती आखून दिली. या वाटांपैकी सर्वांत लांब वाट लाक्विला शहरापासून फोज्जापर्यंत जाते, २४४ किलोमीटर. तिचा आरंभ कोल्लेमाज्जोच्या देवळाशी होतो. १२९४ साली पाचव्या सेलेस्तीनला पोपचा मुकुट चढवला गेला तो याच देवळात. २००९च्या भूकंपात देवळाचा काही भाग कोसळला. दुरुस्ती होऊन २०१७ साली ते पुन्हा उघडले.

ही चाल रोमनांच्याही काळातली. व्हॅरो हा रोमन ग्रंथकार शेतीवरच्या आपल्या पुस्तकात सांगतो की, त्याचे स्वतःचे कळप हिवाळ्यात पुल्यात असत आणि उन्हाळ्यात रिएतीच्या डोंगरात. पण मला त्याच्या पुस्तकाहून एका दगडाचे अधिक अगत्य वाटते. मोलिझे प्रांतात सेपिनो गावाजवळ एका रोमन शहराचे अवशेष आहेत. पेस्कास्सेरोली ते कांदेला हा त्रात्तुरो या शहराच्या एका वेशीतून आत शिरतो, भर वस्तीतून जातो आणि दुसऱ्या वेशीतून बाहेर पडतो. यांपैकी एका वेशीवर मार्कस ऑरेलियस बादशहाच्या अमदानीतला, इसवी सन १७०च्या आसपासचा एक लेख कोरलेला आहे. बादशहाच्या मेंढ्या ठेक्याने राखणाऱ्यांनी तक्रार केली होती की, गावचे अंमलदार आणि शिपाई आम्हांला वाटेत अडवतात, तुम्ही पळालेले गुलाम आहात आणि तुमची जनावरे चोरीची आहेत असे म्हणतात, आणि या गोंधळात बादशहाची मेंढरे पांगून नाहीशी होतात. त्यावर राजधानीतल्या बड्या अधिकाऱ्यांनी गावच्या कारभाऱ्यांना ताकीद दिली की, हा छळ थांबवा, नाहीतर चौकशी होईल. ही ताकीद जाता येता सर्वांना दिसावी म्हणून वेशीवरच खोदून ठेवली. परगावचा मेंढका दिसला की तो चोरच असणार, हा गावकामगारांचा सिद्धांत अठराशे वर्षांत आणि चारपाच हजार मैलांत फारसा बदललेला नाही. आणि मेंढक्यांची दाद लागली तीही मेंढरे बादशहाची होती म्हणून, हे विसरू नये.

पुढे रोमन राज्य गेले. त्यानंतर या वाटांना पक्के रूप दिले नेपल्सचा राजा आल्फोन्सो याने. १४४७ साली त्याने मेंढ्यांच्या ये-जा करण्यावर एक खातेच बसवले आणि मोंतलुबेर नावाच्या कातालान गृहस्थाला त्यावर नेमले. खात्याची कचेरी आधी लुचेरात होती, १४६८ साली ती फोज्जाला गेली. योजना मोठी धूर्त होती. पुल्याच्या मैदानातली कुरणे, काही सरकारची आणि काही सरदारांकडून व धर्मसंस्थांकडून घेतलेली, खात्याने ताब्यात घ्यायची. डोंगरातल्या सर्व कळपांनी हिवाळ्यात तिथेच उतरलेच पाहिजे असा हुकूम काढायचा. आणि दर शेकडा मेंढ्यांमागे कर घ्यायचा. मोबदल्यात वाटा मोकळ्या राखायच्या आणि मेंढपाळांना त्यांचे स्वतंत्र न्यायालय द्यायचे. दिवाणी असो वा फौजदारी, खटला फोज्जालाच चालायचा. पुढे पुढे कुरणाची वाटणी मेंढ्यांच्या सांगितलेल्या संख्येवर होऊ लागली, तेव्हा मालक नसलेल्या मेंढ्यांचाही कर भरू लागले! जगात कर चुकवण्यासाठी डोकी कमी सांगणारे पुष्कळ भेटतात. अधिक कुरणासाठी ती वाढवून सांगणारे हेच. सरकारला अर्थातच या कागदी मेंढ्यांची चीड नव्हती.

या व्यवस्थेत सुखी कोण होते, हे ठरवणे अवघड आहे. मैदानातल्या शेतकऱ्याला खात्याच्या परवानगीवाचून गवताची जमीन नांगरता येत नसे. आपल्याकडे शेतकरी धनगराला बोलावून शेतात मेंढरे बसवतो, कारण त्याला खत हवे असते. तिकडे नांगर आणि मेंढी यांचे वैर कायद्यानेच लावून दिले. मेंढपाळ म्हणावा तर तो बहुधा दुसऱ्याचा चाकर. सप्टेंबरअखेर, संत मिखाएलाच्या सणाच्या सुमारास, तो घर सोडी आणि मे महिन्यात, त्याच संताच्या दुसऱ्या सणानंतर, परते. मधले सात-आठ महिने डोंगरातल्या गावांत बायका, मुले आणि म्हातारे एवढेच उरत. शेत, घर, देणेघेणे सारे बायकांनी पाहायचे. एकटेपणाचे त्या पुरुषांनी काय केले? काहींनी वाचन केले. तास्सो आणि आरिओस्तो यांची काव्ये पडशीत बाळगणारे आणि ती तोंडपाठ म्हणणारे मेंढके त्या मुलखात होऊन गेले. १६०२ साली जन्मलेला बेनेदेत्तो दे विर्जिल्यो तर असाच गुरेमेंढ्या राखता राखता कवी झाला. आमच्या शाळाखात्याने याची नोंद घ्यावी, असे एका मास्तराला वाटले तर त्यात नवल नाही.

आता जेवणाकडे वळतो. सहलीला येणाऱ्यांना जे चवीने वाढले जाते ते बहुतेक अडचणीतून निपजलेले आहे. पुल्यातला 'पानकोत्तो' म्हणजे शिळा पाव रानभाजीबरोबर उकडून वर ऑलिव्हचे तेल घातलेला. आब्रुत्सोत चीज आणि अंडे यांचे गोळे करून रश्श्यात सोडतात. मांसाचे गोळे परवडत नव्हते, म्हणून हे. मेंढीचे मांस मोठ्या कढईत तासन् तास शिजवतात, कारण पूर्वी मेंढक्याच्या वाट्याला येई ती म्हातारी किंवा वाटेत पाय मोडलेली मेंढी, आणि ती चटकन शिजणार कशी? तसल्याच मांसाचे बारीक तुकडे काडीला ओवून निखाऱ्यावर भाजले की झाले 'आर्रोस्तिचीनी'. मेंढीच्या दुधाचे कठीण चीज मात्र खरोखर राजेशाही, पण ते विकण्यासाठी असे.

१८०६ साली नेपोलियनचा भाऊ जोझेफ नेपल्सच्या गादीवर बसला आणि त्याच वर्षी हे खाते मोडले. १८६५च्या कायद्याने मैदान नांगराला पुरते मोकळे झाले. शेतकऱ्याला न्याय मिळाला यात शंका नाही. पण हिवाळी कुरण गेल्यावर डोंगरातल्या मेंढ्यांनी जायचे कुठे? कळप आटले, उरलेले आगगाडीने आणि पुढे मोटारींनी जाऊ लागले, आणि माणसे बोटीत बसून अमेरिकेला गेली. वाटेच्या कडेचे शेत दर वर्षी हात-दोन हात वाटेत सरकू लागले. १९७६ साली इटलीच्या सरकारने मोलिझेतल्या त्रात्तुरोंना संरक्षित ठरवले, नंतर शेजारच्या प्रांतांतल्यांनाही. २०१९ साली युनेस्कोने कळपांच्या या ऋतुचालीचा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. तोवर बराचसा रस्ता नांगराखाली आणि डांबराखाली गेला होता.

या वाटेशी मराठी माणसाचाही संबंध आला आहे. १९४३च्या हिवाळ्यात आठवे भारतीय डिव्हिजन आद्रियातिक किनाऱ्याने उत्तरेकडे लढत गेले. त्यात मराठा पलटणीची पहिली बटालियन होती. त्रिन्यो, मग सांग्रो, अशा एकेक नद्या त्यांनी पावसाचिखलात ओलांडल्या. लाक्विला-फोज्जा वाट याच नद्या ओलांडते. मेंढरे दक्षिणेकडे उतरण्याच्या दिवसांत हे लोक उलट दिशेने चढत होते. सांग्रोच्या मुखाजवळच्या टेकडीवर युद्धातल्या मृतांचे स्मशान आहे, आणि त्यातच, ज्यांना धर्माप्रमाणे अग्नी दिला अशा पाचशेहून अधिक भारतीय सैनिकांचे स्मारक आहे. त्यांच्यातल्या कितीजणांच्या घरी मेंढरे होती, कोण सांगणार? किनाऱ्याने चालत येणाऱ्या सहलीवाल्यांना ती टेकडी वाटेपासून फार दूर पडत नाही.